बागलबाईंनी नापास केलेल्या गोष्टी

बागलबाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कशावरून?" असा. फोन त्यांच्या शाळेतले शिपाई महादेव यांचा होता. ते म्हणाले, "सर, तुमी बी बाईवानीच इचारायला लागलाव की." एवढं बोलून ते रडायला लागले. मला खरोखरच पुरावा हवा होता. उन्हाळ्याची सुट्टी होती, बाई तेरला भावाकडे गेल्या होत्या, दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत, असं महादेव सांगत होते. पण बाई दुपारी कधी आडव्या होत नसत. त्यामुळे या बातमीत कुठंतरी काहीतरी चुकतंय, असं मला बराच वेळ वाटत राहिलं.

"कशावरून" हा शब्द मुळात त्यांचा. दूधवाला म्हणाला, दूध निर्भेळ आहे, की बाई विचारत, "कशावरून?" साहेब म्हणाले, प्रस्ताव वर गेलाय, की "कशावरून?" त्यात भांडणाचा सूर नसे. एखाद्याला गाव कोणतं विचारावं तितक्या सहज त्या विचारत, आणि समोरचा मात्र उगाच घाम पुसायला लागे. चहा त्या आपल्यासमोर उकळलेला असेल तरच घेत. फोन रुमालात गुंडाळून ठेवत, कारण तो बंद असतानाही ऐकतो असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. आणि कुठंही बसल्या तरी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसत. हे मात्र संशयापोटी नव्हतं, ते मला पुढं कळलं. बहिऱ्या लेकरांमध्ये वावरणाऱ्या माणसाला पाठीमागं कुणी ठेवून चालत नाही. पाठ केली की बोलणं संपलं.

धाराशिवात मी एक वाचनालय सांभाळत होतो. चष्मा आणि पुस्तकं एवढ्या भांडवलावर लोक मला सर म्हणायचे. बाई गावाबाहेरच्या निवासी शाळेत सगळ्यात धाकट्या मुलांना शिकवत. शाळेच्या पाटीवर 'मूकबधिर' असं लिहिलेलं होतं आणि त्यातल्या पहिल्या शब्दावर त्यांचा राग होता. "मूक कशावरून? जेवणाच्या सुट्टीत येऊन बघा एकदा. डोळं दुखत्याल तुमचं." त्यांच्या घरच्या गोष्टी मला फारशा माहीत नाहीत. मी विचारल्या नाहीत, त्यांनी सांगितल्या नाहीत.

पहिल्यांदा वाचनालयात आल्या तेव्हा दारात उभं राहून त्यांनी फरशीवर दोनदा पाय आपटला. वर्तमानपत्रात बुडालेले चार म्हातारे एकदम वर बघायला लागले. मला वाटलं, बाई चिडून आल्यात. नंतर कळलं, वर्गात पोरांना हाक मारायची त्यांची ती रीत होती. जमीन हलली की पोरं मान वर करतात. बाहेर आल्यावर ती सवय काढून ठेवायचं त्यांच्या लक्षात राहत नसे.

"लहान लेकरांना हातानं सांगायच्या गोष्टी पाहिजेत," त्या म्हणाल्या. "पुस्तक असू द्या, सीडी असू द्या, फोनवरचं असू द्या. पण आधी मी बघणार."

खुणांच्या भाषेतलं आमच्याकडं काहीच नव्हतं. मी कपाटातून चित्रांची पुस्तकं काढून दिली. खुर्ची भिंतीशी ओढून त्या बसल्या आणि एकेक पान असं बघायला लागल्या, जणू दस्तावर सही करायची आहे. सशाच्या एका पुस्तकाशी थांबल्या.

"या पानावर ससा उजवीकडं पळतोय. पुढच्या पानावर तोंड डावीकडं. परत का फिरला?"

"चित्रकारानं काढलं असेल तसं," मी म्हणालो.

"मग ते पोराला कोण सांगणार? तुमच्या पोराला आई वाचून दाखवती, मग ससा पुढं गेला. माझं पोरगं नुसत्या चित्रावर भरवसा ठेवतंय. त्याच्या हिशेबानं ससा घराकडं निघाला. आणि मग वाघ त्याला घरात खातो. झोपंल का ते पोरगं रात्री?"

पुस्तक त्यांनी टेबलाच्या डाव्या कडेला ठेवलं. "नापास."

त्या संध्याकाळी डाव्या कडेला चांगला ढीग झाला. उजवीकडं काही नव्हतं. जाताना म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. पुस्तकं चांगली हायत. ऐकू येणाऱ्या लोकांची हायत एवढंच."

त्यानंतर त्या आठवड्यातून एकदा तरी यायच्या. मी शोधायचो, त्या नापास करायच्या. याच काळात त्यांच्या शाळेला एका दानशूर गृहस्थांनी 'विशेष मुलांसाठी कथासंच' भेट दिला. मोठा समारंभ झाला, हार झाले. खोका उघडला तर आत उंदराच्या आकाराचा एक गुलाबी डबा, बटण दाबलं की गोष्ट बोलणारा. आवाज फारच गोड होता, असं महादेव मला म्हणाले. सगळे शिक्षक खाली बघत होते. बाईंनी तो डबा हातात घेऊन त्या गृहस्थांना विचारलं, "साहेब, ह्या गोष्टी चांगल्या हायत कशावरून?" ते म्हणाले, मी स्वतः ऐकल्यात. "मग झालं तर. आमच्यात एकानं तरी ऐकल्या." गृहस्थांना ते कौतुक वाटलं. लहान पोरांनी मात्र तो डबा सोडला नाही. बटण दाबून गाल टेकवायची आणि आतली थरथर अनुभवत बसायची. बाईंनी ते काही दिवस पाहिलं आणि डबा नापास न करता पोरांना देऊन टाकला. म्हणाल्या, "गोष्ट म्हणून नापास. उंदीर म्हणून चालंल."

त्या वर्षी दसरा झाला आणि बाईंच्या शोधाला धार चढली. कारण राणी.

राणी पाचेक वर्षांची. येरमाळ्याच्या अलीकडच्या एका वाडीतली. तिचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. दसऱ्यानंतर टोळ्या ट्रकात बसून कारखान्यांकडं निघतात त्या थेट पाडव्याच्या सुमाराला परततात. तोवर उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं. मागच्या वर्षापर्यंत राणी त्यांच्याबरोबर जात होती. या वर्षी कुणीतरी शाळेचं सांगितलं म्हणून बाप तिला वसतिगृहात सोडून गेला. पण सोडून जातोय, कामाला जातोय, परत येणार आहोत, हे तिला सांगणार कसं? तिला कोणतीच भाषा येत नव्हती. घरी खायला, पाणी, ये, जा, एवढ्याच खुणा. तिच्या दृष्टीनं आईबाप फाटकाबाहेर रिक्षात बसले आणि संपले.

रोज सकाळी उठून ती चपला घालून फाटकाशी जाऊन बसे. फाटक लोखंडी होतं. रस्त्यावरून ट्रक किंवा ट्रॉली गेली की ते थरथरतं, हे तिनं स्वतःच शोधून काढलं होतं. एक पंजा कायम फाटकावर. थरथर आली की उभी राहायची, गाडी निघून गेली की बसायची. जेवायला आत ओढून नेलं तर ताटाला हात लावत नसे. फाटकाशीच ताट नेलं तर एका हातानं दोन घास खायची. दिवाळीपर्यंत तिचा गळा काडीसारखा झाला. वसतिगृहाच्या काळजीवाहू बाईंनी सरळ सांगितलं, पोरगी हाताला लागायची नाही, आजीकडं पाठवून द्या.

"आजीकडं गेली की शाळा सुटली," बागलबाई मला म्हणाल्या. "मग ही कायमची बिनभाषेची. आता हिचं वय हाय. दोन वर्षांनी आणली तर अर्धी हातातनं गेलेली आसंल. हिला एकच गोष्ट सांगायचीय मला. आई गेली, आई कामाला हाय, आई येणार. एवढी एक गोष्ट द्या मला शोधून."

फोनवर आईचा चेहरा दाखवून झाला होता. ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या फोनवर राणीच्या आईला बोलावून व्हिडिओ कॉल केला. राणीनं आईला बघितलं, फोन उलटा करून मागं बघितलं, रुमाल झटकून बघितला. फोन बंद झाल्यावर दोन दिवस ती फाटकापासून उठलीच नाही. बाईंनी पुन्हा तो प्रयोग केला नाही.

मग मी शोधत राहिलो. खुणांच्या भाषेत गोष्टी सांगणारे व्हिडिओ इंटरनेटवर मिळतात, नाही असं नाही. वाचनालय बंद झाल्यावर आम्ही संगणकापुढं बसायचो आणि बाई पहिलं काम करायच्या ते आवाज बंद करण्याचं. मग म्हणायच्या, "आता बघा ही बाई काय सांगते." आवाज होता तोवर मला सगळं कळत असे. आवाज गेला की समोर एक हसतमुख बाई हात हलवत असे, एवढंच. "ही तोंडानं मराठी बोलती आणि हातानं त्याच्या मागं धावती. नापास." "ही छान सांगती, पण दिल्लीकडची. हिची निम्मी खूण आमच्या पोरांना नवी. मोठ्यांना चालंल." "ह्याच्या मागं पडद्यावर फुलपाखरं उडत्यात. पोरं हात बघणार का फुलपाखरं?" एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, काही चांगलं दिसतं का तुम्हाला?" त्या शांतपणे म्हणाल्या, "दिसतं की. पण मला दिसतं त्याचा काय उपयोग? मला ऐकू येतं. माझ्यावरच माझा भरवसा न्हाई."

म्हणून त्यांनी एक परीक्षा काढली होती. व्हिडिओ आपण बघायचाच नाही. मोठ्या मुलांपैकी एकाला खोलीत बसवून तो दाखवायचा. मग त्यानं बाहेर येऊन, न बघितलेल्या दुसऱ्या मुलाला ती गोष्ट सांगायची. बाई फक्त ऐकणाऱ्याचा, म्हणजे बघणाऱ्याचा, चेहरा न्याहाळणार. गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोचली तर व्हिडिओ पास. मलाही त्या व्हिडिओ आधी बघू देत नसत. "तुमच्या चेहऱ्यावर सगळं उमटतं. पोरं वाचतात." या परीक्षेत आजवर एकही गोष्ट पास झाली नव्हती. सांगणारं पोरगं दोनचार खुणा करायचं आणि खांदे उडवायचं.

डिसेंबरात मला एक व्हिडिओ सापडला. नाव होतं 'आई परत आली'. मी न बघता उतरवून घेतला आणि शाळेत गेलो. सांगायला सारिका होती, अकराबारा वर्षांची, लांब वेणीची, डोळ्यांनी सारखी कुणाची तरी नक्कल करणारी. ती खोलीत गेली, बाहेर आली. समोर व्हिडिओ न बघितलेला अस्लम उकिडवा बसला, हातात गुळाचा खडा. सारिकानं सुरुवात केली.

मला खुणा येत नाहीत, तरी मी बघत राहिलो. अस्लमचा गूळ हातात वितळला. मधेच तो उकिडव्याचा मांडी घालून बसला. एकदा त्यानं अंगाभोवती हात गुंडाळून घेतले, जणू थंडी वाजली. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी जमीन बडवली आणि दात काढून हसला.

"पास," बागलबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मला शाळकरी पोरासारखा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी मला मुद्दाम बोलावून, लहान्यांच्या वर्गात भिंतीवर तो व्हिडिओ लावला. राणीला उचलून पुढं बसवलं. पडद्यावर भरजरी साडीतल्या एक ताई आल्या, कोपरापर्यंत बांगड्या. ओठ हलत होते, हात मधूनमधून. सशाची आई गाजर आणायला गेली. सशाचं पिल्लू रडलं. सशाची आई आली. ताईंनी स्वतःला मिठी मारली. संपलं. राणीनं बांगड्या बघितल्या, त्या थांबल्यावर ती उठली, चपला घातल्या आणि फाटकाकडं निघून गेली.

बाई पडद्याकडं बघत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. कुणीतरी आपल्याला ठरवून फसवलंय, अशी खात्री झालेल्या माणसाचा तो चेहरा होता.

"सारिकाला बोलवा."

सारिका आली. बाई इतक्या चिडल्या होत्या की हातांबरोबर तोंडानंही बोलत सुटल्या. काल अस्लमला काय सांगितलं? खोटं का सांगितलं? माझी चेष्टा केली? सारिकानं हात वर करून त्यांना थांबवलं. बाई मला पुढं सांगताना हसल्या होत्या, त्या क्षणी नाही. पोरगी त्यांना म्हणाली होती, बाई, तोंड बंद करा, तुमचे हात नीट कळत नाहीत.

बाईंनी ओठ मिटले. तिथून पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं.

"त्या व्हिडिओतली गोष्ट का सांगितली न्हाईस?"

"त्यात गोष्ट नव्हतीच. बाई गेली, बाई आली. तुम्ही म्हणालात बघून आल्यावर गोष्ट सांग. मग मी सांगितली."

"कुणाची?"

"आमची. उसाची."

सारिकाचे आईवडीलही तोडीला जाणारे. तिनं अस्लमला आपल्याच घरची गोष्ट सांगितली होती.

त्या संध्याकाळी बाई वाचनालयात आल्या त्या पाय न आपटता. खुर्ची नेहमीच्या जागी नेली. मग म्हणाल्या, "सर, मी वर्षभर काय तपासत होते? व्हिडिओ का पोरं? जे मी नापास केले, ते सांगणारं पोरगं आळशी होतं म्हणून नापास झाले नसतील कशावरून? आणि मी त्या लेकराला खोटारडी म्हणाले." मी काहीतरी समजुतीचं बोललो. त्यांनी ते ऐकलं नाही.

मला वाटलं, आता सरळ आहे. सारिकानं राणीला गोष्ट सांगायची, झालं. बाईंना तेही मान्य नव्हतं.

"सारिकाची आई दर साल येती. ती येण्याचीच गोष्ट सांगणार. राणीची आई येईल कशावरून?"

"आया येतातच हो."

"बहुतेक येत्यात. बहुतेक हे पाच वर्षांच्या पोरीला कसं सांगू? तिच्यासाठी आई येती न्हाईतर येत न्हाई. आणि मी येती म्हणून सांगितलं, आणि न्हाई आली, तर तिनं शिकलेली पहिली गोष्टच खोटी निघाली. मग ती माझ्या हातांवर परत भरवसा ठेवंल?"

त्यांनी मुकादमाला फोन लावला. वाचनालयातूनच, रुमाल सोडून, फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवून. मी साक्षीदार असावं अशी त्यांची इच्छा होती. मुकादम म्हणाला, बाया अजून फडात हायत. बाई म्हणाल्या, मी थांबते. अंधार पडल्यावर राणीच्या आईचा आवाज आला.

"बाई, माझी राणी रडती का वो?"

"रडत न्हाई."

"जेवती का?"

"न्हाई जेवत."

पलीकडं कुत्रं भुंकत होतं.

"कधी येणार तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"पट्टा पडला की."

म्हणजे कारखाना बंद झाला की. "कधी पडणार?"

"पाडव्याच्या म्होरंमागं म्हनत्यात."

"कोण म्हणतंय?"

"मुकादम."

"त्याला कुणी सांगितलं?"

पलीकडं राणीची आई हसली आणि त्यातच रडायला लागली. "बाई, यडाईची आन घेऊन सांगते, येते."

"यडाईदेवीला मधी घेऊ नका. तुम्ही येणार का?"

"म्या येते."

"नवरा न्हाई, दीर न्हाई."

"म्या. म्या सोता."

"वाडीवर जायच्या आधी हितं?"

"आधी तितंच. ट्रकातनं उतरून तितंच."

बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली, "कामावर डोक्याला काय बांधता?" ती म्हणाली, फडकं, उसाचं पातं डोळ्यात जाऊ नये म्हणून. बाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "राणी फाटकाशी बसून कपाळावरनं दोन्ही हात मागं नेती. मला वाटायचं, डोकं दुखतंय. ती आईची खूण हाय सर. शाळेत आम्ही नाकाला बोट लावून, चमकीवरनं, आई शिकवतोय. सारिका हिच्या शेजारी झोपती. तिला आधीच ठाऊक. कुणी मला सांगितलं न्हाई, आणि मी इचारलं न्हाई."

गोष्ट फाटकाशीच सांगायची ठरली. राणी फाटकावर पंजा ठेवून, सारिका तिच्यासमोर, बाई भिंतीला पाठ लावून. मी जरा लांब, लिंबाखाली.

सारिकानं कपाळावरनं हात मागं नेऊन गाठ मारली. राणीची मान वळली. मग कोयता. वाकायचं, तोडायचं, पातं झाडायचं. मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची, मान आखडते, ट्रकात टाकायची. सूर्य खाली. कोपी. चूल, धूर, भाकरी. आडवं व्हायचं. सूर्य वर. पुन्हा फडकं. पुन्हा कोयता. मधेच ती इकडं वळायची आणि राणी व्हायची: राणी दात घासते, राणी जेवते, राणी झोपते. पुन्हा तिकडं: आई तोडते, आई जेवते, आई झोपते. पुन्हा सूर्य. पुन्हा फडकं. मी घड्याळ बघायला लागलो. हे किती चालणार?

बाईंनी माझ्याकडं न बघता विचारलं, "कंटाळलात?"

"थोडं."

"कंटाळलंच पाहिजे. हाच भाग त्या बांगड्यावालीनं कापून टाकला."

शेवटी ऊस संपला, फड मोकळा झाला, कोपी मोडली, बोचकी ट्रकात गेली. ट्रक डुलत डुलत आला आणि सारिकानं राणीच्या पंजाशेजारी आपला पंजा ठेवून फाटक गदागदा हलवलं. राणी दचकून उभी राहिली. रस्त्यावर बघितलं. रस्ता रिकामा. सारिकाकडं बघितलं. मग खाली बसून तिनं कपाळावरनं हात मागं नेले आणि गाठ मारली. पुन्हा सांग.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. महादेव म्हणाले, कळलं पोरीला. बाई म्हणाल्या, "आवडलं म्हणा. कळलं कशावरून?" राणी गोष्टीतलं जेवण बघून जेवायला लागली होती, तरीही त्या हेच म्हणत. नक्कल वेगळी आणि कळणं वेगळं. त्या वाट बघत राहिल्या.

मग एके दिवशी सारिकाला खेळायला जायचं होतं. तिनं मधलं गाळून दोनच सूर्य दाखवले आणि लगेच ट्रक आणला. राणीनं तिचे दोन्ही हात धरून ट्रक थांबवला. मान हलवली. नाही. गाल हातावर टेकवून डोळे मिटले. अजून झोप आहे. मग सूर्य वर केला, सारिकाच्या डोक्याला फडकं बांधलं आणि तिला पुन्हा फडात पाठवलं.

मी त्या दिवशी तिथं नव्हतो. बाईंनी वाचनालयात येऊन ते मला करून दाखवलं. साठीला आलेली बाई टेबलावर गाल ठेवून डोळे मिटून दाखवत होती आणि वर्तमानपत्रवाले म्हातारे बघत होते. यावर त्यांनी काही शंका काढली नाही. उठल्या, रुमालात फोन गुंडाळला आणि निघाल्या.

राणीला आजीकडं पाठवायचा विषय निघाला नाही. मी मात्र एक चूक केली. बाईंना म्हणालो, याचं चित्रीकरण करून दुसऱ्या शाळांना पाठवू या, सगळीकडं हेच रडगाणं असेल. त्या म्हणाल्या, "त्या शाळेतल्या पोरीची आई उसालाच जाती कशावरून? वीटभट्टीला जात आसंल. तिची खूण वेगळी. त्यांना सांगा, तुमच्या वसतिगृहात कोण कुणाशेजारी झोपतं ते बघा."

पाडवा आला. राणीची आई आली नाही.

कारखान्याचा पट्टा पुढं गेला होता. सारिकाची आई मात्र दुसऱ्या कारखान्यावर होती, ती आली आणि सारिकाला घेऊन गेली. त्या जाताना राणी फाटकाशी होती. तिनं सारिकाच्या आईच्या डोक्याकडं बघितलं, फडकं नव्हतं. मुकादमाचा फोन लागत नव्हता. बाई वाळल्यासारख्या दिसायला लागल्या. सारिका गेल्यावर गोष्ट त्याच सांगायच्या, रोज, संध्याकाळी. एकदा मला म्हणाल्या, "मी सूर्य वाढवत चाललेय सर. ती अजून मानती हाय. किती दिवस मानंल?"

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चैत्र सरता सरता. नवी चित्रांची पुस्तकं आली होती, ती दाखवायला मी शाळेत गेलो होतो. फाटकाशी रिक्षा उभी होती. पायऱ्यांवर एक बाई बसली होती, पायांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे, शेजारी बोचकं, अजून प्रवासाची धूळ अंगावर. दिलेल्या शब्दाप्रमाणं ती वाडीवर न जाता आधी इथंच आली होती. राणी तिच्या मांडीवर बसली नव्हती. ती समोर उभी राहून सांगत होती. फडकं. कोयता. मोळी. सूर्य खाली. झोप.

आई हसत होती, डोळे पुसत होती, पोरीला जवळ ओढायला बघत होती. राणी हात सोडवून घेऊन पुन्हा मागं सरकत होती.

"बाई, काय म्हनती वो ही?"

बागलबाई खांबाला पाठ लावून उभ्या होत्या. "मला इचारू नका. तिच्याकडं बघा."

"मला न्हाय कळत हातांचं."

"तुमच्यावरच गोष्ट हाय ती. बघा की."

आई बघायला लागली. राणीनं वाकून बुडखा तोडला, पातं झाडलं, मान आखडली. आईचा हात आपोआप स्वतःच्या मानेकडं गेला. "अगं माय," ती हळूच म्हणाली.

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. येरमाळ्याची बस चुकेल, म्हणून तो ओरडला. पुन्हा हॉर्न दिला. बागलबाई पायऱ्या उतरून फाटकाबाहेर गेल्या आणि रिक्षाच्या तोंडाशी पंजा उभा धरून थांबल्या.

"थांब जरा. अजून ट्रक यायचाय."

रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून रस्त्याकडं बघितलं.